आधी प्रवासी की आधी गाडी?

एखाद्या आडगावाला एस.टी. हवी असते. गावकरी अर्ज घेऊन डेपो मॅनेजरकडे जातात. मॅनेजर म्हणतो, "तुमच्या मार्गाला भारमान नाही. प्रवासी दाखवा, गाडी सोडतो." गावकरी म्हणतात, "साहेब, गाडीच नाही तर प्रवासी दिसणार कुठून? लोक तिठ्यापर्यंत चालत जातात, नाहीतर वडापच्या जीपमध्ये कोंबून घेतात." दोघांचेही खरे असते. अर्ज मात्र फायलीत पडून राहतो.

संगणकाच्या जगात हाच वाद गेली चाळीस वर्षे चालू आहे. संगणकात सगळ्या कामांच्या मुळाशी एक प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही त्यांपैकी सर्वांच्या ओळखीची. पत्रे लिहिणारे, हिशेब ठेवणारे, फोटो सुधारणारे सॉफ्टवेअर या प्रणालीच्या आधाराने चालते, आणि एका प्रणालीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसरीवर आपोआप चालत नाही. म्हणून नवी प्रणाली कितीही चांगली असली तरी ग्राहक विचारतो, "माझे हिशेबाचे पॅकेज यावर चालेल का?" पॅकेज बनवणारा विचारतो, "या प्रणालीवर माझे ग्राहक किती?" एक म्हणतो आधी गाडी, दुसरा म्हणतो आधी प्रवासी. ही कोंडी कोणी, कशी फोडली, आणि कोणाला ती फोडता आली नाही, याचा इतिहास आज पाहू.

लोक संगणक घेतात तो कामासाठी, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले १९७९ मध्ये. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकन तरुणांनी 'व्हिझिकॅल्क' नावाचा आकडेमोडीचा तक्ता तयार केला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलत. सुरुवातीला तो फक्त 'अॅपल-२' या संगणकावर चालत असे. अनेक व्यावसायिकांनी केवळ या तक्त्यासाठी अॅपलचा संगणक विकत घेतला. अॅपलने हा धडा लक्षात ठेवला. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिन्टॉश बाजारात आला, तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दारात जाऊन त्यांचे मन वळवण्यासाठी कंपनीने खास माणसे नेमली होती. त्यांच्या हुद्द्याचे नाव 'एव्हँजेलिस्ट', म्हणजे धर्मप्रचारक! गाय कावासाकी हे त्यांपैकी पुढे सर्वांत गाजलेले नाव.

पण नुसत्या प्रचाराने किती भागते? १९९७ साली अॅपल डबघाईला आली होती. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर केले, की मायक्रोसॉफ्ट अॅपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे आणि पुढची पाच वर्षे मॅकसाठी 'ऑफिस' हे सॉफ्टवेअर काढत राहणार आहे. मागच्या पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा झळकला तेव्हा सभागृहातल्या काहींनी हुर्यो उडवली. पण लिहिण्याचे आणि हिशेबाचे नेहमीचे सॉफ्टवेअर बंद झाले असते, तर कचेऱ्यांनी मॅक ठेवला असता का? पैशापेक्षा हे पाच वर्षांचे आश्वासनच मोलाचे होते, असे म्हणायला जागा आहे.

आयबीएमची गोष्ट याच्या उलट. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये 'ओएस-२' ही प्रणाली आणली. पुढे दोघांचे बिनसले. १९९२ मध्ये आयबीएमने ओएस-२ ची नवी आवृत्ती काढली. तिच्यावर विंडोजची सॉफ्टवेअरही चालत, आणि विंडोजपेक्षा सरस विंडोज म्हणून तिची जाहिरात झाली. ग्राहकाला हे सोयीचे वाटले. पण सॉफ्टवेअर कंपन्यांनी वेगळाच हिशेब केला. विंडोजची आवृत्ती दोन्हीकडे चालते आहे, मग ओएस-२ साठी वेगळी कशाला लिहायची? जीपने लोक जातातच, तर एस.टी. कशाला, असे म्हणण्यातलाच हा प्रकार. पुढे विंडोज-९५ आली, तिची नवी सॉफ्टवेअर ओएस-२ वर चालेनात, आणि ओएस-२ साठी म्हणून लिहिलेली तर मुळातच थोडी. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीची प्रणाली हळूहळू मागे पडली आणि २००६ अखेर तिची देखभालही थांबली.

या पार्श्वभूमीवर लिनक्सची कथा पाहण्यासारखी आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाची साधने तिला मिळाली आणि एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. ती कोणीही घ्यावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. आपल्याकडेही 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत आणि एक सीडी कॉलेजच्या होस्टेलवर दहा खोल्यांत फिरे.

हा मोकळेपणा हेच लिनक्सचे बळ होते. सॉफ्टवेअर कंपन्यांचे मन वळवताना मात्र तीच अडचण झाली. विकलेल्या प्रतींच्या पावत्या असतात, वाटलेल्या प्रतींच्या नसतात. दहा खोल्यांतले दहा लिनक्सवाले बाजाराच्या हिशेबात एक सीडी म्हणून दिसत, किंवा दिसतच नसत. त्यात निम्म्या जणांच्या संगणकावर शेजारी विंडोजही असे. म्हणजे प्रवासी होते, पण त्यांचे तिकीट फाटत नव्हते.

सर्व्हरच्या बाबतीत ही अडचण लवकर सुटली. जुलै १९९८ मध्ये ओरॅकल आणि इन्फॉर्मिक्स या माहितीसाठा सांभाळणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच महिन्यात लिनक्ससाठी आवृत्ती काढण्याची घोषणा केली. तिथले ग्राहक म्हणजे बँका, कारखाने, इंटरनेट कंपन्या. ते करार करत, वर्षाची देखभाल विकत घेत. अशा ग्राहकाने "आम्हाला लिनक्सवर हवे" म्हटले, की त्यामागचा पैसा दिसतो.

घरातल्या आणि कचेरीतल्या टेबलावरच्या संगणकाचे तसे नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये कॅनडाच्या कोरेल कंपनीने 'वर्डपरफेक्ट' लिनक्सवर आणले आणि घरगुती वापरासाठी फुकट उतरवून घेऊ दिले. पुढच्या वर्षी तिने स्वतःची लिनक्स प्रणालीही काढली. मोठी आशा निर्माण झाली. पण कंपनी पैशाच्या अडचणीत होती. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यात साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि २००१ मध्ये कोरेलने लिनक्सचा विभाग विकून टाकला. अडोबी कंपनीने पुस्तके मांडण्याच्या 'फ्रेममेकर' सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती लिनक्ससाठी काढली, पण तीही विक्रीपर्यंत पोहोचली नाही.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या 'लोकी' या छोट्या कंपनीची. १९९८ मध्ये ती सुरू झाली. विंडोजवरचे गाजलेले खेळ मूळ कंपनीच्या परवानगीने लिनक्सवर आणायचे आणि विकायचे, हा तिचा धंदा. काम उत्तम होते. पण लिनक्सची आवृत्ती बाजारात येईपर्यंत खेळाच्या वेडाने पछाडलेल्या मुलाने विंडोजची आवृत्ती घेऊन खेळ संपवलेलाही असे. मागणी करणारे पुष्कळ आणि विकत घेणारे थोडे, असे झाले. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. तिच्या सॅम लँटिंगा या प्रोग्रामरने लिहिलेली 'एसडीएल' नावाची मुक्त साधने मात्र मागे उरली. खेळ एका प्रणालीवरून दुसरीवर नेणे त्यांमुळे सोपे होते, आणि आजही असंख्य खेळांत ती वापरली जातात.

इथे सॉफ्टवेअर कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या विचारत, "लिनक्स म्हणजे नेमके कोणते?" रेड हॅटचे की डेबियनचे? पडद्यावर केडीई की ग्नोम? एकावर चालणारे पॅकेज दुसऱ्यावर अडायचे. शिवाय सॉफ्टवेअर एकदा लिहून भागत नाही. फोनवर तक्रारी ऐकायला माणसे लागतात, दर नव्या आवृत्तीवर तपासणी लागते. शंभरातल्या एका-दोघा ग्राहकांसाठी हा खर्च कोण करणार? लिनक्सच्या लोकांनाही हे उमगले. सर्व लिनक्समध्ये किमान सारखेपणा असावा म्हणून 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या नावाने नियम ठरू लागले, त्यांची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. सगळीकडे चालेल असे एकच पॅकेज बांधण्याची 'फ्लॅटपॅक'सारखी सोय मात्र रुळायला २०१६ नंतरचा काळ उजाडला.

मग मन वळवण्याचे प्रयत्न अर्ज-विनंत्यांच्या पुढे गेले. त्यातले तीन-चार प्रकार सांगण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार मोजणीचा. २००६ च्या सुरुवातीस नॉव्हेल कंपनीने लोकांना विचारले, की विंडोजवरची कोणती सॉफ्टवेअर तुम्हाला लिनक्सवर हवीत? हजारोंनी मते दिली. फोटोशॉप आणि ऑटोकॅड ही नावे अग्रभागी होती. फेब्रुवारी २००७ मध्ये डेल कंपनीने ग्राहकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा संगणकात लिनक्स घालूनच विका, ही मागणी वर आली. डेलने मे महिन्यात अमेरिकेत उबुंटू लिनक्स असलेले संगणक विकायला काढले. नॉव्हेलच्या यादीतली फोटोशॉप आणि ऑटोकॅड मात्र आजही लिनक्ससाठी निघालेली नाहीत. मोजणीने डेलचे दार उघडले, अडोबीचे उघडले नाही, कारण डेलला संगणक तयार करावा लागत होताच, फक्त आतली प्रणाली बदलायची होती.

दुसरा प्रकार खर्च स्वतः उचलण्याचा. २००३ मध्ये डिस्ने आणि आणखी दोन अॅनिमेशन स्टुडिओंनी 'कोडवीव्हर्स' या कंपनीला पैसे दिले. काम काय, तर 'वाइन' या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विंडोजचे फोटोशॉप लिनक्सवर चालवून दाखवणे. अडोबीची वाट न पाहता त्यांनी आपली सोय करून घेतली. जानेवारी २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या लिनक्सच्या प्रोग्रामरने हार्डवेअर कंपन्यांना जाहीरपणे सांगितले, की तुमच्या उपकरणाची तांत्रिक माहिती द्या, त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. हे नुसते मागणे नव्हते, समोरच्याच्या डोक्यावरचा भार उतरवणे होते.

तिसरा प्रकार पैसे मोजून दाखवण्याचा. लिनक्सवाले सगळे फुकटे, हा समज पक्का होता. मे २०१० मध्ये काही छोट्या खेळकर्त्यांनी आपले खेळ एकत्र करून 'हम्बल इंडी बंडल' काढले. किंमत ग्राहकानेच ठरवायची. बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, आणि माणशी सरासरी काढली तेव्हा सर्वांत जास्त पैसे लिनक्सवाल्यांनी दिले होते. मॅकवाले दुसरे, विंडोजवाले तिसरे! दहा वर्षांच्या वादावादीने जे साधले नव्हते ते या एका तक्त्याने साधले. छोटे खेळकर्ते लिनक्सची आवृत्ती आवर्जून काढू लागले.

चौथा प्रकार सर्वांत कष्टाचा, म्हणजे स्वतःचे सॉफ्टवेअर उभे करण्याचा. सन कंपनीने १९९९ मध्ये जर्मनीच्या 'स्टार डिव्हिजन'कडून कार्यालयीन सॉफ्टवेअर विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याचा मूळ आराखडा खुला केला. त्यातून ओपनऑफिस आणि पुढे लिब्रेऑफिस आले. 'ब्लेंडर' या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरची मालक कंपनी २००२ मध्ये बुडाली. तेव्हा त्याचे डच जनक टोन रूझेनडाल यांनी लोकांकडे हात पसरला. एक लाख युरो द्या, म्हणजे धनकोंकडून हे सॉफ्टवेअर सोडवून सर्वांसाठी खुले करू. सात आठवड्यांत रक्कम जमली. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

असे असूनही मोठ्या कंपन्या हलल्या त्या स्वतःच्या हितासाठीच, हे मान्य करावे लागते. व्हॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी 'स्टीम' नावाच्या दुकानातून इंटरनेटवर खेळ विकते. २०१२ मध्ये विंडोज-८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान आणले. उद्या मालक आपल्याला आवारात बसू देईल की नाही, अशी धास्ती व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांना वाटली. त्यांनी विंडोज-८ वर जाहीर टीका केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणले. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारे 'स्टीम मशीन' आले ते फसले. त्यासाठी पुरेसे खेळच नव्हते. पुन्हा तीच कोंडी! मग २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेले 'प्रोटॉन' काढले. त्यामुळे विंडोजचे हजारो खेळ, मूळ कंपनीने काहीही न करता, लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेले हातात धरून खेळायचे 'स्टीम डेक' त्यावरच चालले.

श्रोत्यांच्या मनात प्रश्न आला असेल, की ज्या युक्तीने ओएस-२ बुडाली, तीच लिनक्सला कशी तारून गेली? फरक दोन. आयबीएमची जीप मायक्रोसॉफ्टच्या इंजिनावर चालत होती. विंडोज बदलली की ती बंद. वाइन मात्र १९९३ पासून स्वयंसेवकांनी नव्याने लिहिले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, पण त्यावर मालकी कोणाची नव्हती आणि विंडोजच्या मागोमाग ते बदलत राहिले. दुसरे म्हणजे, ते सतत चालते ठेवण्यात पैसा असलेली एक कंपनी पाठीशी उभी राहिली. अशा पाठबळाचा अभाव म्युनिकला भोवला. या जर्मन शहराच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटले तरी निर्णय फिरला नाही. दहा वर्षांत हजारो संगणक बदलले. पण खात्याखात्यांतली काही खास सॉफ्टवेअर विंडोजसाठीच होती, तक्रारी वाढल्या, राजकारण बदलले आणि २०१७ मध्ये पालिकेने परतीचा रस्ता धरला.

आता हे सारे आपल्याला का सांगायचे? कारण मराठीही संगणकावर याच रांगेत उभी होती. नव्वदच्या दशकात प्रत्येक मराठी फॉन्ट बनवणाऱ्याची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. एका डीटीपीवाल्याने जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा कचरा दिसे. फॉन्ट विंडोजचे, पान लावण्याचे सॉफ्टवेअर विंडोजचे. त्यामुळे फुकटचे लिनक्स समोर असूनही छापखानेवाल्याला ते निरुपयोगी होते. जगातल्या कंपन्या म्हणत, मराठीला मागणी नाही. मागणी दिसणार कशी? फॉन्टच्या नकला होत होत्या, पावत्या फाटत नव्हत्या. होस्टेलवरच्या सीडीचीच गत.

कोंडी फुटली ती अनेक हातांनी. युनिकोड या जागतिक मानकात १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. विंडोज-२००० ने ती अक्षरे ओळखली. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. लिनक्सवरच्या सूचना मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी रात्री जागून केले. केरळने त्याच दशकात सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेले आणि लागणारी साधने स्वतः जुळवली. पुढे लिनक्सचाच गाभा असलेले अँड्रॉइड फोन आले, आणि टेबलावर अल्पमतात राहिलेले लिनक्स लोकांच्या खिशात जाऊन बसले. त्या फोनवर मराठीत लिहिणारा प्रत्येक माणूस मोजला जातो. म्हणून आज मराठी कीबोर्ड मागावा लागत नाही, तो येतोच. पण जुन्या फॉन्टमधली कितीतरी पुस्तके आणि अंक आजही त्या त्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून आहेत. ते सॉफ्टवेअर चालणारा संगणक बंद पडला, की तो मजकूरही गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. चालू स्थितीतले पुष्कळ संगणक विंडोज-११ च्या अटींत बसत नाहीत. एखाद्या शाळेतले, पतसंस्थेतले, ग्रंथालयातले असे संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे चालू शकतील. तिथे पहिला प्रश्न तोच येणार, की आमचे पॅकेज यावर चालेल का? तेव्हा पॅकेजवाल्याशी वाद घालण्यापेक्षा तालुक्यातल्या सगळ्या पतसंस्थांनी एकत्र येऊन लेखी सांगावे, की आमचे इतके संगणक आहेत, देखभालीचे इतके पैसे देऊ, तपासणीला आमची दोन माणसे देऊ. हम्बल बंडलच्या त्या तक्त्यातून आणि ब्लेंडरच्या सात आठवड्यांतून एवढे तरी शिकता येते.

डेपोच्या फायलीतल्या त्या अर्जाचेही तेच आहे. गावात एस.टी. हवी, एवढेच त्यात लिहिलेले असते. तिठ्यावर आठवडाभर उभे राहून रोज किती माणसे चालत गेली आणि किती जीपमध्ये बसली, याची वही अर्जाला जोडली, तर डेपो मॅनेजरला निदान ती उघडून पाहावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)